आईसाठी एसओएस बटण शोधताना: काय परत केलं, काय ठेवलं

आधीच सांगून ठेवते, हे लांबणार आहे. घरात वापरायचं इमर्जन्सी बटण घ्यायचं म्हणून मी आणि भावाने बरेच महिने शोधाशोध केली. मराठीत धड काही सापडलं नाही. जे सापडलं ते कंपन्यांनीच लिहिलेलं, त्यात एक पांढऱ्या केसांची आजी सोफ्यावर हसत बसलेली, गळ्यात पेंडंट, शेजारी नातू. खाली "कॉल नाऊ". बास.

आमची परिस्थिती अशी की आई ७८ ची, पुण्यात कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून एकटीच राहते. मी ठाण्याला, भाऊ इंग्लंडात. तब्येत तशी ठणठणीत, पण एक गुडघा बदललेला, बीपीची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. आता ज्यांच्याकडे ही रक्त पातळ करायची गोळी आहे त्यांना माहिती असेल, डोक्यावर पडलं आणि वरून काहीच दिसलं नाही तरी दवाखान्यात न्यावंच लागतं, आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. ठाण्याला ये म्हटलं की आई म्हणते "तुमच्या त्या चोविसाव्या मजल्यावर मी काय करू", आणि विषय संपतो. तिचं भजनी मंडळ आहे, ठरलेली भाजीवाली आहे, समोर कुलकर्णी काकू आहेत. ती बरोबरच आहे म्हणा.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. एक म्हणजे नुसतं यंत्र, त्यात आपलं सिम घालायचं, बटण दाबलं की आपल्याच नंबरांवर फोन लागतात, महिन्याचे पैसे काही नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे सर्व्हिस, म्हणजे पेंडंट किंवा भिंतीवरचं बटण, घरात एक बेस युनिट, आणि पलीकडे चोवीस तास कॉल सेंटर, तिथला माणूस फोन उचलतो, बोलतो, घरच्यांना कळवतो, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतो, ह्याचं वर्षाचं पॅकेज असतं. तिसरं घड्याळ. आम्ही तिन्ही करून बघितले, कारण भाऊ इंजिनियर आहे आणि माझा कोणावर विश्वास नाही.

सगळ्यात आधी आलं ते भावाने तिकडून ऑनलाइन मागवलेलं यंत्र. काडेपेटीएवढं, मधोमध लाल बटण, पाच नंबर भरायचे, तीन सेकंद दाबून धरलं की एकामागून एक फोन लागतात आणि यंत्राच्याच स्पीकरवर बोलता येतं. कागदावर एकदम झकास. पण ते निघालं टू जी वालं. आईकडे एक जिओचं सिम पडून होतं ते घातलं तर नेटवर्कच येईना, कारण जिओचं टू जी मुळात नाहीच, ते पहिल्यापासून फोर जी. मग एअरटेलचं सिम आणलं, चाललं. पण तुम्ही आत्ता नवीन घेणार असाल तर टू जी वालं घेऊच नका, बॉक्सवर फोर जी आणि व्होल्टी (VoLTE, म्हणजे फोर जी वरून साधा कॉल लागण्याची सोय) दोन्ही लिहिलंय का ते बघा, नुसतं "ऑल सिम सपोर्टेड" लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही.

बरं, चाललं म्हणजे झालं का, तर नाही. ह्या सिमचा रिचार्ज संपत आला की टेलिकॉम कंपनी मेसेज पाठवते. कुठे पाठवते? त्याच सिमवर. म्हणजे पेंडंटला! ते बिचारं गळ्यात लटकून मेसेज घेत बसतं आणि एक दिवस गपचूप बंद पडतं, वरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत राहतो. ह्यावर उपाय एवढाच की वर्षभराचा रिचार्ज एकदम मारायचा आणि तारीख आपल्या फोनमध्ये टाकून ठेवायची. २०२५ पासून ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमामुळे डेटा नसलेले, नुसत्या कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज मिळतात, ते ह्या कामाला बरे पडतात.

आणखी एक. नंबरांच्या यादीत दुसरा नंबर भावाचा होता. एक तर साध्या प्रीपेड सिमवरून आयएसडी लागतच नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. केलं. मग टेस्ट केली तर माझा फोन मी मुद्दाम उचलला नाही, यंत्राने भावाला लावला, भावाचा फोन मीटिंगमध्ये सायलेंट, तो गेला व्हॉइसमेलला, आणि यंत्राला वाटलं कोणीतरी उचलला! झालं, त्याच्या मते मदत पोहोचली, पुढचे तीन नंबर लावलेच नाहीत. आई इकडे भावाच्या व्हॉइसमेलशी मराठीत बोलतेय. त्या दिवशी हसलो आम्ही, पण खरोखर पडली असती तर हसलो नसतो. यादीतल्या प्रत्येक फोनचा व्हॉइसमेल बंद करा, आणि परदेशातला नंबर यादीत ठेवूच नका, तो माणूस तिकडून काय करणार आहे?

ह्यावरूनच ११२ चं पण सांगते, कारण हे मला पण नीट कळायला वेळ लागला. ११२ हा आपल्याकडचा इमर्जन्सी नंबर, पोलिस, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्याला. पण तो तुम्ही जिथून लावता तिथल्या कंट्रोल रूमला लागतो. मी ठाण्याहून लावला तर निदान महाराष्ट्रातच लागतो, पुण्याला निरोप जाऊ शकतो. भावाने इंग्लंडातून ११२ लावला तर तोही लागतो बरं का, ब्रिटनमध्ये ११२ चालतो, पण उचलणार तिकडचा माणूस आणि विचारणार कुठली सर्व्हिस हवी, आणि कर्वेनगर काही त्याच्या हद्दीत येत नाही. १०८ चं तेच, म्हणजे आपल्याकडची जी फुकट सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स आहे, २०१४ पासूनची, ती परदेशातून शॉर्ट नंबरने लागत नाही. म्हणून परदेशातल्या मुलांनी आईवडिलांच्या जवळच्या हॉस्पिटलचा पूर्ण लँडलाइन नंबर, एसटीडी कोडसकट, अधिक एक्क्याण्णव लावून, सेव्ह करून ठेवायचा. आणि ह्याच कारणासाठी सर्व्हिस घेताना विचारायचं की तुमचं कॉल सेंटर कुठे आहे, आणि दुसऱ्या राज्यात असेल तर तुम्ही पुण्यात अ‍ॅम्ब्युलन्स नेमकी कोणत्या नंबरवरून बोलवता.

हा प्रश्न मी दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे सर्व्हिस देणाऱ्या एका कंपनीला विचारला होता. ही मोठी कंपनी, नाव देत नाही, कारण माझा अनुभव एका घराचा आहे. अ‍ॅप देखणं. विकणारा मुलगा गोड. पॅकेजमध्ये ऑनलाइन योगा, तंबोला, व्हिडिओवर डॉक्टर, औषधं घरपोच, आणि एक "केअर मॅनेजर" जी दर आठवड्याला फोन करून आईला "हाऊ आर यू फीलिंग टुडे" विचारणार. मला हवं होतं एक बटण. पण नुसतं बटण ते देत नाहीत, पॅकेजच घ्यायचं, वर्षाचे पैसे आधी. आणि वर्षाचा आकडा असा की त्यात आईची सकाळ-संध्याकाळची पोळीवाली बाई पगारी सुट्टीसकट निघाली असती. अ‍ॅम्ब्युलन्सच्या प्रश्नावर उत्तर आलं, "मॅम, वी को-ऑर्डिनेट विथ पार्टनर्स." कोण पार्टनर? "बेस्ट इन क्लास पार्टनर्स, मॅम." तरी घेतलं, भाऊ म्हणाला बघू तरी.

डेमो त्यांनी दुपारी दिला, सगळं छान. दुपारी कोणाचंही सगळं छानच असतं. मी मुक्कामाला होते तेव्हा रात्री पावणेतीनला आईला उठवलं (शिव्या खाल्ल्या) आणि म्हटलं दाब. दाबलं. बेस युनिटमधून एक बाई इंग्रजीत म्हणाली की युअर अलर्ट हॅज बीन सेंट. मग शांतता. मग आईच्या मोबाइलवर फोन आला, बेस युनिटवर नाही, मोबाइलवर, जो ती रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावते, आणि त्यावर ट्रूकॉलरने लाल रंगात "स्पॅम" दाखवलं. आई म्हणाली लोनवाले असतील, घेऊ नकोस. परत आला. मग माझ्या मोबाइलवर आला, मी उचलला, तर एक मुलगा झोपाळू हिंदीत म्हणतो की मॅडम आपके मदर का अलर्ट आया है, वो फोन नहीं उठा रही, आप चेक कर लीजिए. मी चेक कर लू? मी ठाण्याला असते रे बाबा, म्हणून तर तुला पैसे देतेय! मग तो फॉर्ममध्ये आधीच भरलेली माहिती परत विचारायला लागला, नियरेस्ट हॉस्पिटल कौन सा है मॅडम.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली, त्यांनी माफी मागितली, उरलेले पैसे परत पण दिले, चार-पाच फोन करावे लागले तो भाग वेगळा. त्यांच्या बाजूने एवढं म्हणेन की आईवडील हिंदी-इंग्रजीत सराईत असतील, दोघं असतील, जवळ कोणी असेल आणि बाकीच्या सोयी पण हव्या असतील तर वाईट नाही. आईसारख्या बाईला, जी घाबरली की मराठीसुद्धा भरभर आणि अर्धवट बोलते, तिला "क्या आप ठीक हैं" चं उत्तर पडल्या जागेवरून द्यायला लावणं मला पटलं नाही. आणि हो, रात्री झोपताना ज्यांचं हिअरिंग एड काढून ठेवलेलं असतं त्यांना स्पीकरवरचं कितपत ऐकू येतं ते कंपन्या विचारतच नाहीत. कानातलं काढून टेस्ट करा.

घड्याळाचं पटकन उरकते. भाचा म्हणाला अ‍ॅपल वॉच घ्या, त्यात पडलेलं आपोआप कळतं. खरं आहे, सिरीज ४ पासून, म्हणजे २०१८ पासून, ते फीचर आहे. जोरात पडल्याचं त्याला जाणवलं तर ते विचारतं, माणूस मिनिटभर हलला नाही तर स्वतःच इमर्जन्सी नंबर लावतं आणि आपण भरून ठेवलेल्या लोकांना लोकेशन पाठवतं. पण त्याला आयफोन लागतो, रोज चार्ज करावं लागतं, आणि आईने आयुष्यभर एचएमटी वापरलंय ज्याला किल्ली दिली की झालं. स्वस्तातली दुसरी फॉल डिटेक्शनवाली घड्याळं पण बघितली. एक दोन दिवस घातलं तिने. भाकरी थापताना अलार्म, आरतीला टाळ्या वाजवताना अलार्म. उलट खुर्चीवरून हळूहळू घसरून खाली बसली (मुद्दाम, मी धरून) तर हूं नाही की चूं नाही. ह्याचं कारण सोपं आहे, ते वेगाने खाली येणं, मग दणका, मग निपचित, अशी साखळी शोधत असतं, आणि म्हातारी माणसं पुष्कळदा धाडकन पडत नाहीत, भिंत धरत धरत घसरतात. तेव्हा फॉल डिटेक्शन असलं तर उत्तम पण त्याच्या भरवशावर बटण दाबायची सवय सोडायची नाही.

आता जी ठेवली ती. पुण्यातलीच छोटी सर्व्हिस, एक रिटायर्ड मेट्रन (हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स) आणि त्यांचा मुलगा चालवतात, ठराविक भागातच देतात, लांबचे पत्ते घेतच नाहीत. अ‍ॅप नाही. वेबसाइट अशी की बघून विश्वास उडावा. पण मॅडम स्वतः घरी आल्या, चप्पल काढली, पाणी प्यायल्या, आणि बटण पिशवीतून काढायच्या आधी आईला विचारलं, "आजी, रात्री दाराला काय काय लावता?"

हाच तो प्रश्न जो मोठ्या कंपनीने एकदाही विचारला नव्हता. आई काय काय लावते? बाहेरचा जाळीचा दरवाजा, त्याला आतून कुलूप. मग लाकडी दरवाजा, त्याला लॅच, मधली कडी, वरची कडी, आणि बाबांनी एका चोरीनंतर बसवलेला आडणा. आणि बाथरूमला आतून कडी, घरात एकटी असली तरी! म्हणजे बटण दाबलं, फोन उचलला, अ‍ॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली, तरी ते लोक जिन्यात उभे. दार फोडायला सुतार नाहीतर फायर ब्रिगेड. आणि पडल्यावर जमिनीवर पडून राहणं हेच तर वाईट असतं, तासाच्या वर गेलं की अंगाखाली दबलेले स्नायू खराब व्हायला लागतात, त्याचा ताण किडनीवर येतो, पाणी नाही, पाठीला जखमा, म्हणजे हाड मोडलं नसलं तरी माणूस हॉस्पिटलात महिना काढतो.

तर मॅडमनी यादी दिली आणि म्हणाल्या हे करा मग बटण लावते, तोवर पैसे नको. आम्ही सुतार बोलावला. आडणा काढला (बाबांची आठवण वगैरे झाली थोडी, पण काढला), वरची कडी काढली, लॅच असा बसवला की आतून बंद असला तरी बाहेरून किल्लीने उघडतो, जाळीच्या दाराला पण तसाच. आईला चोरांची भीती, म्हणून चांगल्यातला घेतला. किल्लीचा एक जुडगा कुलकर्णी काकूंकडे, एक खालच्या मजल्यावर. सोसायटीच्या वॉचमनकडे द्यायला आई तयार नव्हती, ठीक आहे, पण त्याला एवढं सांगून ठेवलंय की अ‍ॅम्ब्युलन्स आली तर गेटवर एंट्री लिहीत बसू नकोस. बाथरूमची कडी काढून असलं लॉक लावलं जे आतून फिरवून बंद होतं आणि बाहेरून नाण्याने उघडतं. आणि दरवाजा उलटा करून बाहेर उघडणारा केला, कारण आत उघडणारा असेल आणि माणूस दाराला टेकूनच पडला असेल तर बाहेरून ढकलताच येत नाही. ह्या सगळ्या सुतारकामाला यंत्रापेक्षा जास्त खर्च आला, आणि मला विचाराल तर पहिला खर्च हाच करा, बटण नंतर घ्या.

माझी मावशी इंग्लंडात लेस्टरला असते, तिच्याकडे हे बटण कित्येक वर्षं आहे. तिकडे फॉर्म भरतानाच विचारतात किल्ली कोणाकोणाकडे आहे, आणि नसेल कोणाकडे तर बाहेर भिंतीवर आकड्यांचं लॉक असलेली छोटी किल्लीची पेटी बसवतात, कोड कॉल सेंटरकडे. आपल्याकडे फ्लॅटच्या दाराबाहेर अशी पेटी लावायला कोणी तयार होत नाही, पण शेजारी असतात. तिकडची वेगळीच भानगड चालू आहे, जुन्या टेलिफोन लाइन बंद करून सगळं इंटरनेटवर नेतायत, जानेवारी २०२७ पर्यंत, आणि जुनी बटणं त्या नव्या लाइनवर चालतीलच असं नाही, मध्ये काही जणांची बंद पडली म्हणून त्यांना ते काम पुढे ढकलावं लागलं. मावशी म्हणते वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की बटण जातं. म्हटलं मावशी, हे आम्हाला सांगतेस?

कारण आमच्याकडे गुरुवार असतो. महावितरणचं मेंटेनन्स म्हटलं की सकाळी गेलेली वीज संध्याकाळी येते कधीकधी. म्हणून वायफायवर चालणारं बेस युनिट असेल तर विचारा की लाइट गेल्यावर काय. ह्या सर्व्हिसचं युनिट सिमवर चालतं आणि आत बॅटरी आहे, सिमचा रिचार्ज त्यांचा ते बघतात, आणि युनिट दिवसातून एकदा आपोआप त्यांच्याकडे "मी जिवंत आहे" असा सिग्नल पाठवतं, तो आला नाही की त्यांचा फोन येतो. एकदा आईने झाडताना प्लग काढला होता तेव्हा खरंच आला.

रेंज पण त्यांनी खोलीखोलीत जाऊन बघितली. बॉक्सवर जी मीटरची रेंज लिहिलेली असते ती मोकळ्या मैदानातली असते, आमच्या जुन्या बिल्डिंगच्या भिंतींपुढे तिचं काही चालत नाही. टीव्हीजवळ युनिट ठेवलं तर बाथरूमचं दार बंद केल्यावर सिग्नल जाईना, पॅसेजमध्ये आणलं तर जातो. गच्चीत वाळवणं घालायला जाते तिथून जात नाही. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं, तिथे मोबाइल घेऊन जा म्हणाल्या. मोबाइलवर पॉवरचं बटण पटापट दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, किती वेळा दाबायचं ते फोनफोनवर वेगळं असतं, बघून घ्या. साध्या बटणांच्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचा. २०१७ पासून आपल्याकडे विकायच्या सगळ्या फोनना हे सरकारने सक्तीचं केलंय, पण घरातल्या किती जणांना माहिती असतं?

पेंडंट घालण्यावरून मात्र आई आणि माझी जुंपली. पहिले काही दिवस ते देव्हाऱ्याशेजारी खुंटीला. "पडल्यावर घालीन ना" म्हणे! मग कळलं की आंघोळीला काढून ठेवते, भिजेल म्हणून. अगं बाई, सगळे पडतात बाथरूममध्येच. वॉटरप्रूफ आहे हे पटवायला मॅडमनी तिच्यासमोर ते बादलीत बुडवलं आणि पाण्यातच दाबून दाखवलं. दोरी पण तिला आवडली नाही, म्हणे गुरांच्या गळ्यात घालतात तसली, तेव्हा काळ्या पोतीत ओवून दिलं. आता घालते. ही फक्त आमच्या आईची तऱ्हा नाही. केंब्रिजच्या नव्वदीपुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००८ साली बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात घरात एकटे असताना पडलेल्या, स्वतःहून उठता न आलेल्या आणि अलार्म जवळ असलेल्या लोकांपैकी ८० टक्के लोकांनी तो वापरलाच नव्हता. कोणी घातलेला नसतो, कोणाला वाटतं उठू आपलं आपण, कोणाला वाटतं रात्रीचं कशाला लोकांना त्रास. आमच्या आयांना ते तिसरं कारण तर रक्तातच असतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई स्वतः बटण दाबून "टेस्ट आहे हो" म्हणते, आणि मॅडमशी दहा मिनिटं गप्पा मारते. त्यामुळे दाबायची लाज गेली, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

त्रुटी? आहेत. रात्रीच्या पाळीला आठवड्यातले काही दिवस हिंदी बोलणारा मुलगा असतो, चांगला आहे, पण आईचं "अहो, पाय मुडपलाय" त्याला कळेल का ह्याची मला खात्री नाही. बिल हाताने लिहिलेलं, ऑनलाइन पावती मागून मागून मिळते. बटणातली बॅटरी उतरली की युनिट बीप करतं पण ते इतकं बारीक की आईला ऐकू येत नाही, काकूंना ऐकू आलं. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात तेव्हा काय, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या त्या दिवशी आमचा माणूस वेळेत पोहोचेलच असं मी सांगणार नाही, काकूंवर आणि १०८ वर भरवसा ठेवा. हे उत्तर मला त्या "बेस्ट इन क्लास" पेक्षा शंभरपट आवडलं. पैसे त्या मोठ्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी, तिमाही भरायचे, कधीही बंद करता येतं.

आणि ज्यांना महिन्याचा खर्च नकोच आहे आणि शेजार चांगला आहे त्यांच्यासाठी एक देशी उपाय. वायरलेस डोअरबेल मिळते ना, तिचं बटण आपल्या बाथरूममध्ये आणि घंटा शेजाऱ्यांच्या घरात. आम्ही सर्व्हिस असून हे पण केलंय. फक्त बटण स्विचबोर्डच्या उंचीला लावू नका, पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या टॉयलेटमध्ये लाल दोरी असते, ती जमिनीपासून चार बोटांवर येईपर्यंत लोंबती ठेवतात, त्याच्यामागे हाच विचार आहे. आम्ही गुडघ्याच्याही खाली चिकटवलं. बऱ्याच बेलच्या बटणात ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, २३ ए नावाची, दुकानात हाच नंबर सांगायचा. कुलकर्णी काकू गावाला जाणार असल्या की घंटा काढून खाली देऊन जातात.

१४५६७ ह्या एल्डरलाइनबद्दल पण लोक विचारतात, ती सरकारी आहे, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८, पेन्शन, कायदा, छळ, चौकशी ह्यासाठी चांगली आहे. पडल्यावर तिला फोन करायचा नाही.

फाइलचं राहिलं. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये औषधांची यादी (रक्त पातळ करायची गोळी वर, मोठ्या अक्षरात), मेडिक्लेमचं कार्ड, आधारची झेरॉक्स, डॉक्टरचा नंबर, आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं ते. कॅशलेस चालतं का ते त्या हॉस्पिटलला आधी विचारून ठेवलंय.

तर छोट्या सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पुढच्या तिमाहीला त्यांनी रात्रीला रोज मराठी माणूस ठेवायचं कबूल केलंय, ठेवला तर चार. अर्धा त्या बीपसाठी कापलेला आहे, तो मोठा आवाज केल्याशिवाय मिळणार नाही, तसं मॅडमना सांगितलंय.